हेडलाईट मंद, बल्ब सारखा उडतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतात: वायरिंग किट बदलायच्या आधी हे बघ

भाऊ, तुझा प्रश्न मी असा समजलो. यावलकडची गाडी, १०० सीसी, २०१२ ची, किक आणि सेल्फ दोन्ही. बाबा रात्रीच्या लाईटला केळीत पाणी सोडायला तीच घेऊन जातात. हेडलाईट आयडलला पिवळा पडतो, रेस दिली की बरा होतो, महिना दोन महिन्यात बल्ब उडतो. इंडिकेटर कधी लुकलुकतात कधी नुसते लागून राहतात, आणि ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर हलके मिणमिणतात. मेकॅनिकने बल्ब बदलला, बॅटरी बदलली, आता म्हणतो पूर्ण वायरिंग किट बदला. आणि तू विचारतोयस की किटऐवजी सरळ एलईडी टाकू का.

दोन्ही आत्ता करू नको. मी अमळनेरला गाड्यांचं इलेक्ट्रिकचंच काम करतो, आणि "लाईट लागी नही ऱ्हायना भो" म्हणत येणाऱ्या गाड्यांमध्ये वायरिंग खरंच बाद झालेली गाडी फार थोडी असते. बहुतेक वेळा कुठेतरी एका बोल्टखाली गंज असतो, नाहीतर एका कपलरमधली (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट) पिन काळी पडलेली असते, आणि तेवढ्यासाठी माणूस बल्ब, बॅटरी, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट), स्विच सगळं बदलून बसतो. तू जे लिहिलंय त्यावरून मला तुझ्या गाडीत दोन ठिकाणी अर्थ (म्हणजे करंट परत मायनसला जायची वाट) खराब वाटतोय, एक मागे आणि एक पुढे किंवा आरआर युनिटचा (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलचे व्होल्ट आवरणारा आणि बॅटरी चार्ज करणारा डबा). पण वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं, म्हणून कसं मोजायचं ते सांगतो. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो, गावात वायरमन किंवा मोबाईल रिपेरिंगवाल्याकडे असतोच, मागून आण.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे. त्या काळच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये दोन वेगवेगळे संसार असतात. हेडलाईट आणि बऱ्याच गाड्यांत मागचा टेल लाईट पण, हे बॅटरीवर चालतच नाहीत, इंजिन फिरलं की मॅग्नेटच्या कॉइलमधून एसी करंट निघतो त्याच्यावर चालतात. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट हे बॅटरीवर म्हणजे डीसीवर. तुझ्या गाडीत कसं आहे ते बघायला इंजिन बंद ठेव, चावी ऑन कर, हेडलाईटचा स्विच दाब. हेडलाईट लागला नाही तर तो कॉइलवरचा आहे. आणि तो कॉइलवरचा असेल, तर हेडलाईट मंद आहे म्हणून बॅटरी बदलण्याला काहीच अर्थ नव्हता, त्या बॅटरीचा त्या लाईटशी संबंधच नाही. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाईटचा स्विचच नसतो, कायम चालू राहायचा नियम झाला, तिथे ही टेस्ट वेगळ्या पद्धतीने करावी लागते, पण तुझी गाडी त्याच्या आधीची आहे.

याचाच पुढचा भाग म्हणजे कॉइलवरचा हेडलाईट आयडलला थोडा मंद होणारच, तो दोष नाही, इंजिन हळू फिरतं म्हणून कॉइल कमी देते. पण "थोडा मंद" आणि "पिवळा" यात फरक आहे. पिवळा पडतो म्हणजे कॉइलमधून निघालेले व्होल्ट बल्बपर्यंत पूर्ण पोचत नाहीत, मधे कुठेतरी खाल्ले जातात. तुमच्याकडे ठिबक आहे म्हणून सांगतो, पंपाजवळ प्रेशर असून शेवटच्या झाडाला थेंब पडत नाही तेव्हा आपण मोटार बदलत नाही, नळीत चोकअप कुठे आहे ते शोधतो, तेच इथे करायचं. आणि फिलामेंटच्या बल्बचं असं आहे की व्होल्ट थोडे जरी कमी झाले तरी उजेड फार कमी होतो. १० टक्के व्होल्ट कमी म्हणजे उजेड जवळपास ३० टक्के कमी. म्हणजे एखाद दीड व्होल्ट जरी वाटेत गेला तरी बाबांना रात्री बांधावरचा खड्डा दिसणार नाही. उलट बाजूने पण तसंच, ५ टक्के व्होल्ट जास्त मिळाले तर बल्बचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आता सगळ्यात सोप्या तक्रारीपासून सुरू करू, ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणणं. ही तक्रार मला आवडते कारण ती जागा स्वतःच दाखवून देते. ब्रेक दाबला की प्लस बल्बपर्यंत जातो, फिलामेंटमधून पलीकडे निघतो, आणि तिथून त्याला अर्थच्या वायरने परत बॅटरीच्या मायनसला जायचं असतं. ती अर्थची वायर तुटली किंवा गंजली असेल तर करंट थांबत नाही, दुसरी वाट धरतो. ब्रेक लाईट आणि मागच्या इंडिकेटरचा अर्थ एकाच जोडावर येतो, म्हणून तो मागच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि पुढच्या अर्थने परत जातो. म्हणून चौघेही मिणमिणतात. अंधारात पुढचे पण बघ, अगदी बारीक लागत असतील. तसं असलं तर मागचा सामाईक अर्थ गेला यात मला शंका उरत नाही, आणि तुझे इंडिकेटर कधी लुकलुकतात कधी नाही त्याचंही बरंचसं कारण तेच आहे.

खात्री करायला हातभर काय, दोन हात लांब वायर घे, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक मागच्या बल्बच्या होल्डरच्या अर्थला लाव, मग ब्रेक दाब. मिणमिणणं थांबलं आणि ब्रेक लाईट कडक लागला की निदान झालं, एक रुपया खर्च न करता. ही जंपर वायरची टेस्ट कुठल्याही लाईटला चालते, मी कुठलाही पार्ट काढायच्या आधी हीच करतो. नंतर खरा तुटका भाग शोधायचा. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये अर्थची वायर पूर्ण हिरवी असते, दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे, तेव्हा रंगावर डोळे मिटून जाऊ नको. मागची हिरवी वायर सीटखालून मडगार्डच्या कडेने जाते, तिथे ती पत्र्याला घासून आतून तुटते, वरून कव्हर शाबूत दिसतं. नाहीतर कपलरमध्ये चिखलाचं पाणी जाऊन पिन हिरवी पडते. आपल्या काळ्या मातीचा चिखल मागच्या चाकाने सगळा तिथेच उडतो, शिवाय वॉशिंग सेंटरवाले प्रेशरने पाणी थेट त्या कपलरवर मारतात.

तिथेच असताना बल्ब पण बघ. मागचा बल्ब दोन फिलामेंटचा असतो आणि त्याच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, जेणेकरून तो एकाच बाजूने बसावा, पण ढिल्या होल्डरमध्ये लोक जोर लावून उलटा बसवतात, मग टेल लाईट कडक आणि ब्रेक दाबल्यावर मंद. आणि मागच्या ब्रेकच्या पायडलचा स्विच अडकून ब्रेक लाईट कायम लागून राहत नाही ना ते बघ. २१ वॅटचा बल्ब म्हणजे जवळपास पावणेदोन अँपिअर, एवढ्याशा बॅटरीला तो तासा-दीड तासात झोपवतो, आणि मग हॉर्न बसतो, फ्लॅशर लुकलुकायचं सोडून देतो, आणि दोष बॅटरीला जातो. स्विचवर प्लास्टिकचा नट असतो, तो फिरवून सेटिंग होतं.

आता हेडलाईट. मीटर एसी व्होल्टवर ठेव, स्वस्तातल्या मीटरला २०० ची रेंज असते ती चालेल. हेडलाईट खोल, पण बल्ब कपलरला लावलेलाच राहू दे, बल्ब काढून मोजलेले व्होल्ट काही कामाचे नाहीत. वायरवर लोड नसेल तर तुटायला आलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते, आणि बीपवाली टेस्ट पण याच कारणाने फसवते, एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो पण त्या एका तारेतून ३५ वॅटच्या बल्बचे तीन अँपिअर जात नाहीत. इंजिन चालू, लाईट चालू, रेस मध्यम आणि एकसारखी धरायला दुसरा माणूस घे. आधी बल्बच्या मागची चालू लाईटची पिन आणि अर्थची पिन यांच्यामधले व्होल्ट बघ. मग आरआर युनिटच्या कपलरजवळ, जिथे लाईटची वायर आहे, होंडाच्या पद्धतीत ती पिवळी, तिथे आणि अर्थमध्ये बघ. चांगल्या गाडीत रेसवर हे साधारण १२ ते १४ च्या आसपास दिसतात, पण आकड्याच्या फार मागे लागू नको, कारण रेग्युलेटर ही लाट कापतो आणि कापलेली लाट प्रत्येक मीटर वेगळी वाचतो. दोन जागांमधला फरक महत्त्वाचा. अर्धा व्होल्ट फरक चालून जाईल, दोन व्होल्ट असेल तर तेवढे वाटेत कुठेतरी जळतायत, आणि जिथे जळतायत तिथे हाताला गरम लागतं.

फरक सापडला की प्लसच्या वाटेत आहे का अर्थच्या ते वेगळं करायचं. लाईट चालू असताना मीटरची एक तार बल्बच्या अर्थ पिनला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, रंग किंवा गंजावर नाही, खरवडून. इथे ०.२ किंवा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थ खराब. अर्थ ठीक असेल तर मग पिवळी वायर, डिपर स्विच, होल्डर या क्रमाने पुढे जा, प्रत्येक जागेच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक तार लावून. माझा अनुभव सांगतो, तीन जागा ठरलेल्या असतात. एक, चेसिसवरचा अर्थचा बोल्ट, टाकीखाली किंवा इग्निशन कॉइलच्या जवळ. गाडीला रंग मारून आणला असेल तर हमखास, कारण रंगवाला थिंबलसकट (वायरच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी) रंगवून टाकतो. बोल्ट काढ, थिंबल आणि चेसिस दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत कर, घट्ट बसव, वरून व्हॅसलीन लाव. दोन, हँडलच्या मानेजवळचं वायरिंग. हजारो वेळा हँडल वळून वायर आतल्या आत तुटते. लाईट चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे कर, लाईट फडफडला की जागा तीच. तीन, बल्बचा होल्डर. आधी कुणी १०० वॅटचा बल्ब टाकून पाहिला असेल तर होल्डरचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसेल, कारण कंपनीने वायर आणि स्विच तीन अँपिअरच्या हिशोबाने दिलेत आणि त्या बल्बला आठ लागतात. ती कॉइल तेवढे देऊ पण शकत नाही, म्हणजे उजेड वाढत नाही, फक्त स्विच जळतो.

बल्ब सारखा उडतो ते वेगळं प्रकरण, आणि मंद लाईटच्या नेमकं उलटं. तिथे व्होल्ट जास्त जातायत. आरआर युनिटचं काम असतं रेस वाढली की जास्तीचा करंट अर्थमध्ये सोडून द्यायचा. त्याला अर्थच मिळाला नाही तर तो सोडणार कुठे, सगळं बल्बवर जातं, म्हणून आयडलला मंद असलेला तोच लाईट हायवेवर लख्ख होतो आणि उडतो. म्हणून युनिट विकत आणायच्या आधी त्याच्या हिरव्या वायरचा आणि बोल्टचा अर्थ बघ. अर्थ नीट करूनही रेस वाढवेल तसे एसी व्होल्ट १५, १६, १७ चढतच गेले तर मात्र युनिट गेलं. अजून एक, हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. तेलकट डाग राहतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलं तर स्पिरिटने पुसून टाक. आणि हेडलाईटचा डोम ढिला असेल, रबर गेलेलं असेल तर धक्क्यानेच फिलामेंट तुटतं, तुमच्या शेतरस्त्यावर तर नक्कीच.

बॅटरीची बाजू थोडक्यात. मीटर आता डीसीवर. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेली तर ती रिकामी आहे. इंजिन चालू करून चांगली रेस दे, बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ यायला पाहिजे. १२.३ वरच थांबली तर चार्जिंग होत नाही, मग नवी बॅटरी पण तशीच झोपेल. १५ च्या वर गेली तर बॅटरी उकळून पाणी आटेल. तुझी नवी आहे म्हणून आत्ताच हे मोजून ठेव. बॅटरी ठीक असून इंडिकेटर एकाच बाजूला फार भराभर लुकलुकत असतील तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा त्याचा होल्डर गंजलाय, फ्लॅशर बदलू नको.

तू फ्यूजचं लिहिलं नाहीस, तरी सांगतो, कारण तुमच्याकडे गाडी गोदामात किंवा गोठ्याजवळ लागते आणि कापूस भरलेला असला की उंदीर टाकीखालची वायर कुरतडतातच. फ्यूज सारखा उडत असेल तर त्याच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही टाकू नको, वायरिंगच्या बरोबर वर पेट्रोलची टाकी आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत एक २१ वॅटचा बल्ब जोड, इंजिन बंद, चावी ऑन. शॉर्ट असेल तर तो बल्ब कडक लागेल, आणि आता निवांत एकेक वायर हलव, एकेक कपलर काढ, जिथे बल्ब मंदावला किंवा विझला तिथे शॉर्ट. बल्ब स्वतःच करंट अडवतो त्यामुळे काही जळत नाही आणि फ्यूजमागून फ्यूज घालवावे लागत नाहीत.

जोड मारायचं काम मात्र नीट कर, कारण निम्म्या तक्रारी आधीच्या जोडांमुळेच असतात. दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली की पावसाळा कसाबसा निघतो, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकला की टेपचा चिकट वितळून ती सरकते, आत धूळ बसते, पहिल्या पावसात तांबं काळं पडतं. तांबं आत काळं दिसलं तर चकचकीत लागेपर्यंत मागे काप, सोल्डर कर, वरून हीट श्रिंकची स्लीव्ह चढव. वायर गाडीचीच घे, हेडलाईटला पाऊण ते एक स्क्वेअर एमएमची. घरातली स्पीकरची बारीक वायर टाकली की पुन्हा तोच व्होल्ट खाण्याचा प्रकार. कपलरच्या पिनांना थोडं व्हॅसलीन लावलं की पाणी बसत नाही.

आता एलईडी. तुझा हेडलाईट कॉइलवर असेल आणि तू बाजारातला साधा डीसीचा एलईडी लावला तर तो फडफडेल आणि लवकर मरेल. मग दुकानदार सांगतो की हेडलाईट बॅटरीवर घेऊ. हे अर्धवट करू नको. तुझ्या गाडीची बॅटरी तीन-चार एएचची आणि कॉइल तिला थोडंच चार्जिंग देते, त्यावर ३५ वॅटचा लोड टाकला तर रात्रीच्या हळू चालवण्यात ती भरण्यापेक्षा रिकामी जास्त होते, आणि बाबा शेतात असताना ना लाईट ना हॉर्न. पूर्ण डीसी करायचं तर कॉइल प्लेटचा अर्थ तोडून फुल वेव्ह आरआर युनिट बसवावं लागतं, ते काम होतं, चांगलं पण होतं, पण जाणकाराकडून. शिवाय हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा फोकस फिलामेंटच्या जागेवर धरलेला असतो, स्वस्त एलईडीत चिप त्या जागी नसते, म्हणून उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडला रात्री केळीचे ट्रक आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालतात, तिथे समोरच्या माणसाला दोन सेकंद आंधळं करणं मला पटत नाही, त्या दोन सेकंदात तो तुझ्या बाबांवरच येऊ शकतो.

तेव्हा आधी दोन्ही अर्थ कर, आरआर युनिट तपास, चांगल्या कंपनीचा आहे त्याच वॅटचा बल्ब टाक. रिफ्लेक्टर आतून काळपट किंवा पापुद्रे सुटलेला असेल तर तो बदल, त्याला वायरिंगमध्ये काही इलाज नाही. मग बाबांना गाडीवर बसवून भिंतीपासून पाच मीटरवर उभी कर, डिप लावून बघ, उजेडाचा मधला भाग हेडलाईटच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडला पाहिजे, वर पडत असेल तर डोमचा स्क्रू ढिला करून खाली घे. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर टेप लाव, ती ना कॉइलवर चालते ना बॅटरीवर.

हे केल्यावर मला चार गोष्टी लिहून पाठव. बल्बजवळचे एसी व्होल्ट, आरआर युनिटजवळचे एसी व्होल्ट, रेसवर बॅटरीचे डीसी व्होल्ट, आणि हँडल दोन्हीकडे वळवल्यावर लाईट फडफडतो का. तेवढ्यावर पुढचं सांगता येईल, आणि तोपर्यंत किटची ऑर्डर थांबवून ठेव.